पाच नंबरचा चिमटा

विहारात डोळे मिटून बसायचं आणि सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतायचं, हे मी लहानपणापासून करत आले आहे. मुंगीपासून म्हशीपर्यंत सगळ्यांचं चिंतते. ज्या शेजारणीने नेलेली माझी कुंडी परत केली नाही, तिचंसुद्धा चिंतते. एक माणूस मात्र दर वेळी वगळते, आणि चुकून आत शिरला नाही ना, हे शेवटी पुन्हा बघून घेते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझे केस पिकायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, राग मात्र जिथल्या तिथे आहे आणि त्याची तब्येत उत्तम आहे. तो कसा आला आणि मी त्याचं काय केलं, ते इथे सांगून टाकते. वाचून कुणाला मी खुनशी वाटले तर त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आम्ही वलवणला राहायचो, धरणाच्या अलीकडे, दोन खोल्यांच्या घरात. आप्पा, म्हणजे माझे वडील, वीज कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा वास असायचा आणि तो घालवायला आई रिठ्याचं पाणी, सोडा, लिंबू असलं काय काय करून बघायची. वास जायचा नाही, सदऱ्याचा रंग जायचा. पहाटे घाट चढून येणाऱ्या मालगाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा घरघराट आमच्या भिंतीतून यायचा, आणि तो आला की आई उठायची आणि बोलायला लागायची. मग दिवा मालवेपर्यंत ती बोलतच असायची. भाकरी थापताना बोलायची, धुणं पिळताना बोलायची, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणतानासुद्धा मध्येच "सुजे, दूध बघ उतू चाललं" म्हणून सांगायची आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू करायची. शेतातले खेकडे मिळाले की त्यांचे बारीक पाय पाट्यावर ठेचून, रस गाळून रस्सा व्हायचा. त्यात इंद्रायणीचा भात कालवून आम्ही जेवायचो आणि ती खेकडा कसा पकडावा, कसा पकडू नये, तिच्या माहेरी कोणाला कुठे चावला होता हे सगळं सांगायची. घरात माणसं तीनच, पण तिच्या बोलण्याने घर भरलेलं असायचं. आप्पा आणि मी दोघेही घुमे, आम्हाला ते बरं पडायचं.

हेलिकॉप्टर आमच्या घरात आलं ते कर्नलकाकांमुळे. ते फौजेतून निवृत्त होऊन तुंगार्लीच्या बंगल्यात राहायला आले होते आणि रेडिओवर चालणारी हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या हौशी लोकांचा त्यांनी एक क्लब काढला होता. बहुतेक मंडळी पुण्याहून शनिवार-रविवारी यायची. आता कुठल्याही लग्नात एखादा पोरगा खिशातून ड्रोन काढतो आणि एक बटण दाबतो, ते बिचारं आपोआप हवेत उभं राहतं. आमचं हेलिकॉप्टर तसलं गरीब नव्हतं. ते हातभर लांब, वर दोन पाती, शेपटीला छोटा पंखा, आणि रिमोटच्या दोन काड्या दोन्ही अंगठ्यांनी हलवत सतत सांभाळलं नाही तर पापणी लवायच्या आत उताणं. त्यामुळे क्लबात उडण्यापेक्षा मोडणं जास्त. कर्नलकाकांना कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं, आणि आप्पा रविवारी त्यांच्याकडे वाकडे दांडे सरळ करायला आणि नवे कातून द्यायला जायला लागले. मोडून टाकलेल्या सांगाड्यांतून चांगले तेवढे भाग निवडून त्यांनी एक आख्खं हेलिकॉप्टर आमच्यासाठी उभं केलं. आई म्हणाली, मेलेल्यांची हाडं गोळा करून हे काय घरात आणलंय. तरी त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून तिनेच जुन्या लुगड्याचं पांघरूण शिवलं.

ते उडवायला मी शिकले आणि तेही उलट्या बाजूने शिकले. बाकीचे आधी जमिनीवर उभं राहून, वर बघून शिकायचे. त्यात अडचण अशी की यंत्राचं तोंड आपल्याकडे झालं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, आणि भलेभले तिथेच गडबडतात. मी सुरुवातच कॅमेऱ्याने केली. यंत्राच्या नाकावर बोराएवढा कॅमेरा, त्याचं चित्र हवेतून खाली येतं आणि आपण डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा जाड चष्मा लावून ते बघत बसायचं. मग आपण जमिनीवर नसतोच. आपण त्या नाकावर बसलेले असतो, आणि डावं ते डावं, उजवं ते उजवं. पहिल्यांदा मी तिकोणा किल्ल्याच्या अंगावरून वर गेले आणि पवना धरणाचं पाणी एकदम पलीकडे पसरलेलं दिसलं, तेव्हा मी खुर्चीवर बसल्या बसल्या रडले होते. चष्म्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

क्लबचं मैदान म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठ गावातलं भाताचं खाचर. भात कापला की पुढच्या पेरणीपर्यंत ते मोकळंच असायचं, एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. बांधावर करंजाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला एक फळी टांगलेली होती. फळीवर कपडे वाळत घालायचे आठ लाकडी चिमटे, एक ते आठ नंबर घातलेले. कॅमेऱ्याचं चित्र पाठवायला आठ चॅनेल असायचे आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच चित्र सोडायचं. दोघांनी सोडलं तर ज्याचं यंत्र जवळ त्याचं चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांत घुसतं. म्हणून क्लबचा एकच कडक नियम होता. ज्या नंबरवर उडायचं त्याचा चिमटा फळीवरून काढायचा, छातीवर लावायचा, नंबर मोठ्याने सांगायचा, मगच यंत्राला बॅटरी जोडायची. फळीवर चिमटा नसेल तर मुकाट्याने बसून राहायचं. दुसरा नियम असा, की चष्मा लावणारा आंधळाच असतो, म्हणून त्याच्या बाजूला एकाने आभाळाकडे बघत उभं राहायचं. माझ्या बाजूला आप्पा उभे राहायचे.

आता हर्षल. पुण्याचा, तुंगार्लीत वडिलांचा बंगला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, दिसायला देखणा आणि वागायला गोड. आप्पांना तो आप्पाच म्हणायचा आणि आपलं यंत्र त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा. त्याच्याकडे सगळ्यांत भारी यंत्र होतं आणि त्याला रांगेत थांबता येत नसे. पाच नंबरचा चॅनेल तो स्वतःच्या घरचाच समजायचा. चिमटा वगैरे नवशिक्यांसाठी, असं तो हसत हसत म्हणायचा आणि सगळेही हसायचे, कर्नलकाकासुद्धा. त्या हिवाळ्यात मात्र लोक माझी उड्डाणं बघायला थांबायला लागले. किल्ल्याच्या दरवाजासमोर यंत्र स्थिर उभं करून दगड न् दगड दाखवणं हे मला जमायचं, त्याला जमत नसे. हे त्याला खुपतंय, असं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र बघत होते.

त्या रविवारी पाचचा चिमटा माझ्या ओढणीला होता. मी उडून परत आले होते आणि उतरण्याआधी यंत्र आमच्यासमोर थोड्या अंतरावर, दोन माणसांच्या उंचीवर उभं केलं होतं, शेपटी आमच्याकडे आणि नाक किल्ल्याकडे. उन्हं उतरली होती आणि किल्ला तांबूस दिसत होता, म्हणून म्हटलं अजून जरा बघू. तेवढ्यात चित्रात आडव्या रेघा आल्या आणि किल्ल्याच्या जागी भाताची धसकटं दिसली. अगदी जवळून, तिरकी. मला वाटलं यंत्राचं नाक खाली गेलं, आता आपटणार. अशा वेळी कुणीही कॅमेऱ्यावर उडणारा जे करेल तेच मी केलं, काडी जोरात मागे ओढली. यंत्र मुळात सरळच होतं. मागे ओढल्यावर ते शेपटी खाली घालून मागे आलं, आणि मागे आम्ही होतो. मला दिसत नव्हतं. आप्पांना दिसत होतं. त्यांनी माझ्या तोंडासमोर हात धरला.

उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली. लोणावळ्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत आप्पा मला एवढंच म्हणत होते की तुला लागलं न्हाई ना. मी सगळ्यांना सांगत होते की मला धसकटं दिसली, नाक खाली गेलं होतं. कर्नलकाकांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. हर्षल बोलला. तो अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "पॅनिक होतं माणूस, सुजाता. तू घाबरलीस. आभाळात धसकटं कुठून येतील?" जमिनीवरच्या टेबलावर पाच नंबरचं चित्र पकडायला त्याचा व्हिडिओ कॅमेरा जोडलेला असायचा आणि येणारं चित्र टेपवर उतरायचं. मी म्हटलं टेप बघा. तो म्हणाला, बॅटरी संपली होती, काहीच रेकॉर्ड झालं नाही. मग मीही मान्य केलं की मी घाबरले असेन. दुसरं काय मानणार होते?

आईने दवाखान्यात आप्पांच्या हाताचं बँडेज बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचं बोलणं बंद झालं. म्हणजे आप्पांशी बोलायची, दारात आलेल्या भाजीवालीशी बोलायची, मांजरीशी बोलायची. माझ्याशी नाही. मी समोर असताना आप्पांना म्हणायची, "तिला म्हनावं भाकर झालीया." मी ताटावर बसले की ती उठून चुलीकडे तोंड करून बसायची. भाकरी मात्र गरमच वाढायची, आणि खेकड्याची मोठी नांगी पहिल्यासारखी माझ्याच ताटात पडायची. त्यामुळे उलट जास्त लागायचं. माराने माणूस सुधारतो की नाही मला माहीत नाही, अबोल्याने मात्र वाळतो. आप्पांना वर्कशॉपमधून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं, तिथे नटबोल्ट मोजून द्यायचे. ते घरी येऊन डाव्या हाताने जेवायचे, आणि घरात चमच्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. भाताची लावणी झाली, धो धो पाऊस पडला, पर्यटकांनी भुशी डॅमचा रस्ता तुंबवला, पाऊस गेला, भात पिवळा पडला, कापणीला आला. आई माझ्याशी बोलली नाही.

कॉलेज सांभाळून मी बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत काम धरलं होतं. लग्नाच्या शूटिंगसाठी टेप लागायच्या आणि आमचा मालक जुन्या टेप पुन्हा वापरायचा. त्या आधी शेवटपर्यंत चालवून बघायच्या, खराब असतील त्या फेकायच्या, हे माझं काम. दिवाळीनंतर कर्नलकाकांच्या बंगल्यावरून एक पिशवीभर टेप आल्या. क्लबातल्या लोकांनी आता मेमरी कार्ड घेतली होती, टेपचा उपयोग नव्हता, म्हणून सगळ्यांच्या जुन्या टेप स्टुडिओला चालतील म्हणून पाठवल्या. त्यातल्या एका टेपवर कुणाचा तरी साखरपुडा होता. जेवणावळ, बायकांची फुगडी, उखाणे. हर्षल आईसक्रीम खाताना दिसला तेव्हा मला कळलं की हा त्याच्या घरचा. साखरपुडा संपला आणि मी टेप काढणार, तेवढ्यात पडद्यावर तांबूस किल्ला आला.

मी ओळखला. स्वतःचा हात ओळखावा तसा ओळखला. त्याने जुन्या चित्रावर साखरपुडा भरला होता, पण साखरपुडा लवकर आटोपला आणि टेप उरली, ती कुणी बघितली नाही. किल्ला स्थिर उभा होता. मग आडव्या रेघा आल्या. मग धसकटं, जवळून, तिरकी. मग ते चित्र उचललं गेलं, गरकन फिरलं, आणि पडदाभर हर्षलचा चेहरा आला. जीभ दातांत धरून तो यंत्राच्या नाकाखाली बॅटरी सरकवून बसवत होता. शर्टावर चिमटा नव्हता. मग त्याने दचकून बाजूला बघितलं. कुणीतरी ओरडत होतं, ती मी होते. तो काही क्षण तसाच बघत राहिला, मग त्याने आपल्या यंत्राकडे बघितलं, आणि मी आजही शपथेवर सांगेन की त्याला त्याच क्षणी कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते आलेलं दिसतं. मग त्याचा हात पुढे आला आणि चित्र गेलं.

मी टेप पुन्हा लावली नाही. ती कमरेला खोचून घरी आले आणि आई पाण्याला गेलेली बघून आप्पांना स्टुडिओत घेऊन गेले. ते स्टुलावर बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, धसकटांपासून परत लाव. परत बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी धसकटं व्हतीच तर." मला त्यांचा राग आला. आजवर मला वाटत होतं की घरात निदान एक माणूस तरी माझं खरं मानतो. त्यांनी मला माफ केलं होतं, खरं मानलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचाही हिशेब मी हर्षलच्याच नावावर मांडला. आप्पा म्हणाले की टेप कर्नलसाहेबांना दाखवू, ते त्याला बोलतील. मी नाही म्हटलं. बंद खोलीत दोन शब्द ऐकून तो सॉरी म्हणेल, गोड हसेल आणि सुटेल. मला तो सुटायला नको होता. मला काय करायचंय ते मी त्यांना सांगितलं, आणि त्यासाठी त्यांचा हात लागेल हेही सांगितलं. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "हात माजाच हाय," ते म्हणाले. "दाव कुनाला दावायचा तेला."

भात कापल्यावर पेठेच्या त्याच खाचरात क्लबचा मेळावा असायचा. मांडव घातला होता, घरची माणसं, पाहुणे, पुण्याहून आलेली हर्षलची आई-वडील मंडळी, आणि मांडवात मोठा टीव्ही, म्हणजे जो उडेल त्याचं चित्र सगळ्यांना दिसावं. आम्ही वडापच्या जीपने गेलो. आईला आप्पांनी चल म्हटलं होतं, ती म्हणाली त्या वावराचं तोंड मला बघायचं न्हाई. मी पोत्यात आमच्या हेलिकॉप्टरच्या नाकावरचा कॅमेरा आणि चित्र पाठवायची डबी घेतली होती, हेलिकॉप्टर नाही. कर्नलकाकांना आम्हाला बघून आनंद झाला. हर्षलने आप्पांना वाकून नमस्कार केला. खरंच केला. त्या नमस्काराने माझ्या मनात जी थोडी चलबिचल होती ती मिटली.

त्याने यंत्र बाहेर काढलं, चष्मा लावला, आणि फळीकडे गेलाच नाही. मला खात्री होती तो जाणार नाही. इतकी वर्षं गेला नव्हता, आज आपल्या लोकांसमोर कशाला जाईल? बाजूला उभं राहणारा त्याचा मित्र आभाळाकडे बघत होता. यंत्र उठलं, मांडवावरून गेलं, टीव्हीवर लोकांनी स्वतःची डोकी बघून टाळ्या वाजवल्या. मग ते बांधापलीकडे, धरणाच्या पाण्यावर गेलं. खाली माणूस नाही, होडी नाही, नुसतं पाणी. मी याचीच वाट बघत होते. करंजाखाली गेले, पाचचा चिमटा फळीवर होता तो काढला, ओढणीला लावला आणि मोठ्याने म्हणाले, "पाच नंबर." नियमाने म्हणाले. कर्नलकाकांनी मान वळवून बघितलं, पण मी काय करतेय हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत मी टेबलाजवळ खाली बसले होते आणि डबीला बॅटरी जोडली होती. कॅमेऱ्यासमोर आप्पा उकिडवे बसले होते. त्यांनी हात पुढे धरला.

टीव्हीवर पाणी होतं, रेघा आल्या, आणि मग तो हात आला. पडदाभर. अंगठा, दोन बोटं, आणि दोन बोटांची थोटकं, त्यांवर मिटलेली, चकचकीत कातडी. मांडवात कुजबुज झाली. लोकांना तो टीव्हीवर दिसत होता, हर्षलला डोळ्यांत दिसत होता. त्या चष्म्यात दुसरं काही दिसत नाही, मान कुठेही वळवा, चित्र तुमच्याबरोबर वळतं. त्याने काडी ओढली, ढकलली, मग चष्मा उपटून फेकला आणि पाण्यावर यंत्र शोधायला लागला. समोर ऊन, लांबवर एक काळा ठिपका, त्याचं तोंड इकडे की तिकडे कळायचा मार्ग नाही. त्याने वळवलं ते उलट्या बाजूला वळलं. पाण्यावर एक पांढरा फवारा उडाला, बस. आवाज आमच्यापर्यंत नंतर आला. खरं सांगायचं तर इतका गोड आवाज मी आयुष्यात थोड्याच वेळा ऐकला आहे.

तो धावत आला. माझ्यावर ओरडायला लागला की तू चॅनेल चालूच कशी केलीस, मी हवेत होतो, अक्कल आहे का. मी उभी राहिले आणि त्याला ओढणीवरचा चिमटा दाखवला. "तुझा कुठाय?" एवढंच विचारलं. त्याचा हात आपोआप छातीवर गेला. तिथे काही नव्हतं. कर्नलकाका मध्ये आले आणि मला म्हणाले की हे तू ठीक केलं नाहीस. मी म्हटलं, नाही केलं, पण आधी हे बघा, आणि स्टुडिओतून मागून आणलेल्या कॅमेऱ्यात टेप घालून तो टीव्हीला जोडला. साखरपुड्याची शेवटची फुगडी दिसली तेव्हा हर्षलच्या आईला काही कळेना. मग किल्ला आला, धसकटं आली, आणि तिचा मुलगा आला, जीभ दातांत धरलेला.

टेप संपली. हर्षल म्हणाला, मला माहीत नव्हतं, योगायोग असेल. मग म्हणाला, भरपाई देतो. तेव्हा आप्पा पुढे झाले. आयुष्यभर साहेबलोकांसमोर हात मागे बांधून उभे राहणारे माझे वडील, त्यांनी उजवा हात पुढे केला, हस्तांदोलनाला करतात तसा. हर्षलला वाटलं मिटलं. त्याने हात दिला. आप्पांनी तो धरला. तीन बोटांचा हात, पण फिटरचा, आणि त्यांनी तो सोडला नाही. "आता बोल," ते म्हणाले. हर्षल म्हणाला सॉरी. आप्पा म्हणाले, "त्ये न्हाई. काय केलंस त्ये बोल." आजूबाजूला सगळी माणसं होती. हर्षलने हात ओढून बघितला, सुटला नाही. शेवटी खाली बघून म्हणाला की मी चिमटा न घेता चालू केलं, मला तेव्हाच कळलं होतं, मी सांगितलं नाही. कर्नलकाकांनी त्याच दिवशी त्याचं नाव क्लबातून काढलं. माझंही काढलं, मुद्दाम चित्र घुसवलं म्हणून. न्यायाला धरून होतं, मी तक्रार केली नाही.

पण माझं पोट भरलं नव्हतं. मी म्हटलं, हे अजून एका माणसाला सांगायचं आहे. कर्नलकाकांनी स्वतःच्या जीपमध्ये त्याला आमच्या घरी आणलं. आई ओट्यावर सुपात नवे तांदूळ पाखडत बसली होती. घरी आलेल्या वैऱ्यालाही आमच्याकडे आधी पाणी विचारतात. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, "मावशी, त्या दिवशी चूक माझी होती. तिची नव्हती." आईने सूप खाली ठेवलं. आप्पांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. तिने पाणी विचारलं नाही.

"त्येंची बोटं गेली ती गेली," आई त्याला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पर माज्या पोरीशी मी वरीसभर बोलले न्हाई. सोताच्या पोरीशी. तुला ठावं व्हतं आन् तू गप ऱ्हायलास. त्ये वरीस आन माजं परत, मंग ये." कर्नलकाका त्याला घेऊन गेले. जीपचा आवाज धरणाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

मी उंबऱ्याशी पाठमोरी उभी होते. आप्पा घरात गेले. आईने हाक मारली. "सुजे." वर्षभर वाट बघितलेली हाक. ओ द्यायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात आतून काहीतरी वर आलं. टेपने सांगितलं, हर्षलने सांगितलं, तेव्हा हिला पटलं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी तोंड मिटलं. ती उठल्याचा आवाज आला, मांडीवरचे तांदूळ खाली सांडले. "सुजे, ऐकतीयास न्हवं?" तिचा आवाज फुटला होता. मी ऐकत होते. मी तिला तिसरी हाक मारायला लावली. मग ओ दिली.